ऋणपत्रावरची कला

मुलाने चित्रकार व्हावे की अभियंता, हा वाद मराठी मध्यमवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या घातला, आणि त्या वादात दोन्ही पक्ष बरेचसे चुकले असे आमचे मत आहे. एक पक्ष म्हणे, रंगाच्या डबीने पोट भरत नाही. दुसरा म्हणे, कलेला पोटाशी काय कर्तव्य? आज तो वाद वरकरणी मिटलेला दिसतो. डिझाइन या नावाची एक पदवी निघाली आहे. तीत चित्रकाराची प्रतिष्ठा आणि अभियंत्याची मिळकत एकत्र नांदतात असे सांगितले जाते, आणि आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु हा समेट घडवून आणला आहे तो बँकेने. वडिलांची शंका आणि मुलाची हौस या दोहोंच्या मध्ये एक ऋणपत्र येऊन बसले आहे, आणि त्यावर दोघांच्याही सह्या आहेत. त्या ऋणपत्राविषयी चार परखड शब्द लिहिण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत लेखनिक आहोत, आणि झाशीपासून कानपूरच्या वाटेवर सुमारे 50 किलोमीटरवर असलेल्या मोठ या तहसिलीच्या गावी नोकरीनिमित्त राहतो. पैशाच्या उलाढालीतले आम्ही पंडित नव्हे. पण रकाने भरणे, बेरीज ताडून पाहणे आणि बेरीज जुळली नाही तर कागद परत पाठविणे हा आमचा रोजचा धंदा आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांत झाशी, ग्वाल्हेर, कानपूर या बाजूंस असलेल्या आमच्या मराठी स्नेह्यांपैकी काहींनी आम्हांस एकच प्रश्न विचारला: मुलीला, किंवा मुलाला, डिझाइनच्या पदवीसाठी खाजगी विद्यापीठात घालावयाचे आहे, कर्ज काढावे काय? प्रश्न विचारणाऱ्यांचा निर्णय बहुधा आधीच झालेला असतो. त्यांस उत्तर हवे असते ते होकाराचेच. तो होकार आम्ही देऊ शकलो नाही. का देऊ शकलो नाही, ते येथे सांगतो.

प्रथम हे स्पष्ट करू की या विद्येचा आम्हांस आदर आहे. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा 1857 साली सुरू झाली. जमशेटजींनी त्यासाठी लाख रुपयांची देणगी देऊ केली होती. कोल्हापूरहून आलेले धुरंधर तेथे विद्यार्थी झाले, तेथेच शिक्षक झाले, आणि त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला नाव दिले ते त्या कलामंदिरात घालविलेल्या एकेचाळीस वर्षांचे. तेथे 1935 साली व्यावसायिक कलेचा विभाग निघाला, आणि 1961 साली उपयोजित कलेची संस्था स्वतंत्र झाली. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, औषधांची वेष्टने, चित्रपटांच्या जाहिराती, पाठ्यपुस्तकांतील चित्रे यांतून मराठी माणसाच्या डोळ्याला जे वळण लागले, ते बहुतांशी या शाळेच्या माणसांनी लावले. दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ पाहून ज्यांनी अंक विकत घेतला, त्यांनी डिझाइन म्हणजे काय असा प्रश्न विचारू नये.

त्याच वर्षी, म्हणजे 1961 साली, अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. तिच्यामागे 1958 सालचा एक अहवाल होता. तो भारत सरकारच्या विनंतीवरून अमेरिकेतील चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने लिहिला होता. त्या अहवालात आपल्या घरोघरच्या तांब्याचे जे मनःपूर्वक कौतुक आहे, ते आजही विद्यार्थ्यांस शिकविले जाते. पुढे 1969 साली पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत औद्योगिक डिझाइनचे केंद्र निघाले. ते उभारणारे सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या कलाशाळेत शिकून पश्चिम जर्मनीतील उल्म येथे गेलेले होते. संगणकावर देवनागरी लिहिणाऱ्या लाखो लोकांच्या डोळ्यांपुढून रोज जाणारा 'मंगल' हा अक्षरसंच त्याच केंद्रात शिकविणाऱ्या र. कृ. जोशींच्या हातचा आहे. आपल्या रुपयाला 2010 साली जे चिन्ह मिळाले, तेही त्याच केंद्रातील एका संशोधक विद्यार्थ्याचे, उदयकुमारांचे काम. देवनागरी 'र'ला एक आडवी रेघ देऊन त्यांनी ते साधले आणि त्यांस अडीच लाख रुपयांचे पारितोषिक मिळाले. ज्या विद्येने रुपयाला रूप दिले, ती विद्या घेणाऱ्याने रुपयाचा हिशेब करणे हे कमीपणाचे मानू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता हिशेबाकडे वळू. समजा, एखाद्या खाजगी संस्थेचे शुल्क, वसतिगृह आणि साहित्य मिळून वर्षाला चार लाख रुपये लागतात. हा आकडा आम्ही मुद्दाम सौम्य घेतला आहे. ज्यांनी अशा संस्थांची माहितीपत्रके चाळली आहेत ते आमच्यावर अतिशयोक्तीचा आरोप करणार नाहीत. चार वर्षांचे झाले सोळा लाख. प्रत्येक वर्षाच्या आरंभी बँक चार लाख देते, आणि व्याज धरू दरसाल दर शेकडा दहा. शिक्षणाची चार वर्षे आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, हे बँकेचा अधिकारी हसतमुखाने सांगतो. पण हप्ता नसणे म्हणजे व्याज नसणे नव्हे. पहिल्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचे, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचे, याप्रमाणे सरळ व्याज धरले तरी पाच वर्षांच्या अखेरीस 5 लाख 60 हजार रुपये व्याज साचते. पहिला हप्ता देण्यापूर्वीच सोळा लाखांचे 21 लाख 60 हजार झालेले असतात.

हे कर्ज दहा वर्षांत फेडावयाचे म्हटले तर महिन्याचा हप्ता सुमारे 28,500 रुपये येतो. पंधरा वर्षांत फेडावयाचे म्हटले तर सुमारे 23,200. पंधरा वर्षांच्या अखेरीस बँकेला दिलेली रक्कम होते 41 लाख 78 हजारांच्या आसपास. अठराव्या वर्षी घेतलेले कर्ज अडतिसाव्या वर्षी फिटते. त्या वयापर्यंत माणूस लग्न करतो, त्याला मुले होतात, आईबाप म्हातारे होतात. आणि या सर्व काळात दर महिन्याच्या ठराविक तारखेस तेवीस हजार रुपये पगारातून आधी बाजूला निघतात.

आता हा हप्ता पेलण्यास मिळकत किती हवी? घरभाडे, खाणावळ, प्रवास व घरी पाठवावयाचे चार पैसे यांचा विचार करता, हाती येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक रक्कम हप्त्यापायी जाऊ नये, हे कोणीही व्यवहारी माणूस मान्य करील. त्या मापाने महिन्याला सुमारे 93 हजार रुपये हाती पडले पाहिजेत. तुलनेसाठी आपल्याच घरातील कोष्टक घेऊ. सातव्या वेतन आयोगाने 2016 पासून उच्च श्रेणी लेखनिकाचे आरंभीचे मूळ वेतन 25,500 ठरविले, आणि भारतीय प्रशासन सेवेत नव्याने येणाऱ्या अधिकाऱ्याचे 56,100. भत्ते वेगळे, हे खरे. तरीही लाखोंतून निवडून आलेल्या त्या तरुण अधिकाऱ्याच्या मूळ वेतनाच्या दीडपटीहून अधिक रक्कम आपल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या हाती पहिल्या महिन्यापासून यावी, अशी अट या ऋणपत्रात न लिहिता लिहिलेली असते. ती अट बँक वाचून दाखवीत नाही, संस्था तर नाहीच नाही.

काही पदवीधरांस एवढे वेतन मिळते, हे आम्ही नाकारीत नाही. मोठ्या संगणक-कंपन्यांत, भ्रमणध्वनीवरील पडद्यांची मांडणी करणाऱ्या विभागांत, मोटारींच्या कारखान्यांत चांगले वेतन देऊन माणसे घेतली जातात. पण काहींस मिळते यावरून आपल्या अपत्यास मिळेल असे अनुमान काढणे, हे सोडतीचे तिकीट घेणाऱ्याचे तर्कशास्त्र झाले. माहितीपत्रकावर छापलेला सर्वोच्च पगाराचा आकडा हा एका माणसाचा पगार असतो. आपल्याला हवा असतो तो मध्यांक: वर्गातील सर्व पदवीधरांस मिळकतीच्या क्रमाने उभे केले, तर मधोमध जो उभा राहील त्याची मिळकत. आणि सर्व म्हणजे सर्व. ज्यांस नोकरी लागली नाही, ज्यांनी घरी बसून फुटकळ कामे घेतली, ज्यांनी कंटाळून दुसरा व्यवसाय धरला, तेही त्या रांगेत उभे असले पाहिजेत.

केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीत, जी 2016 पासून प्रसिद्ध होते, नोकरी लागलेल्या पदवीधरांच्या वेतनाचा मध्यांक संस्थांस द्यावा लागतो. ही चांगली गोष्ट आहे. पण त्यात नोकरी लागलेल्यांचाच समावेश आहे, आणि 2025 च्या यादीपर्यंत अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, विधी, औषधनिर्माण यांस स्वतंत्र वर्ग असूनही डिझाइनला तो नाही. अमेरिकेत 2015 पासून शासनच एक जाहीर फलक चालविते. त्यावर संस्थेचे नाव काढले की तेथील विद्यार्थ्यांचे कर्ज आणि पुढील मिळकत शेजारी शेजारी दिसतात, आणि अलीकडे तर अभ्यासक्रमवार दिसतात. तेथे कला आणि डिझाइनच्या नामवंत व महागड्या संस्थांची भीड ठेवली गेलेली नाही. इंग्लंडात एका अर्थविषयक संशोधन संस्थेने 2020 साली पदव्यांची आयुष्यभराची किंमत मोजली. सुमारे पाचातला एक पदवीधर विद्यापीठात गेला नसता तर पैशाच्या दृष्टीने अधिक बरा राहिला असता, असे तीत निघाले, आणि ललितकला व डिझाइनकडे जाणाऱ्या मुलांचा सरासरी हिशेब तोट्याचा व मुलींचा जेमतेम बरोबरीचा ठरला.

तथापि इंग्लंडातील विद्यार्थ्यास एक आधार आहे, तो आपल्या विद्यार्थ्यास नाही. तेथे 2023 नंतर प्रवेश घेणाऱ्याचे कर्ज मिळकत वर्षाला 25,000 पौंडांच्या वर गेल्याशिवाय वसूल होत नाही. वर गेली तर वरच्या भागाच्या शेकडा नऊ एवढेच घेतले जाते. आणि चाळीस वर्षांत न फिटलेले कर्ज सोडून दिले जाते. चाळीस वर्षे ही मुदत जाचक आहे, यात शंका नाही. पण मिळकत नाही तर हप्ता नाही, हे तत्त्व तेथे मान्य आहे. आपल्याकडे मिळकत असो वा नसो, तारीख आली की हप्ता येतोच. आणि मुलाने तो दिला नाही तर सहकर्जदार म्हणून सही केलेल्या बापाच्या दारी बँकेचा माणूस येतो.

"शिक्षण ही गुंतवणूक आहे," असे सांगणाऱ्यांचा आम्हांस विशेष राग आहे. गुंतवणूक हा शब्द व्यापाऱ्याचा आहे. तो वापरावयाचा तर व्यापाऱ्याचे नियमही पाळावेत. व्यापारी पैसे घालण्यापूर्वी मागील वर्षांचा ताळेबंद मागतो. तो दाखविण्यास जो नकार देतो, त्याच्या दुकानात तो पाऊल टाकीत नाही. भागीदारीत नफा वाटला जातो तसा तोटाही वाटला जातो. येथील भागीदारी पाहा. संस्थेस शुल्क आगाऊ मिळते. पदवीधर पुढे उपाशी राहिला तरी तिचा एक पैसा बुडत नाही. बँकेस साडेसात लाखांवरच्या कर्जासाठी साधारणतः घर किंवा ठेव तारण मिळते. तिचाही पैसा बुडत नाही. सगळा तोटा उरतो तो एका अठरा वर्षांच्या मुलीच्या आणि तिच्या निवृत्तीला आलेल्या बापाच्या वाट्याला. मूल अठराचे असता बाप अठ्ठेचाळीस वर्षांचा असेल, तर तो साठाव्या वर्षी निवृत्त होईल तेव्हा मूल तीस वर्षांचे असते आणि पंधरा वर्षांच्या मुदतीतील आठ वर्षे शिल्लक असतात. जानेवारी 2004 नंतर सेवेत आलेल्या आपल्यासारख्यांच्या हाती जुना भविष्य निर्वाह निधी नाही. नव्या योजनेतून मुलांच्या उच्च शिक्षणासाठी काढता येतो तो आपल्या स्वतःच्या वर्गणीचा चौथा हिस्सा. मुलांच्या शिक्षणाचा भत्ता बारावीलाच थांबतो, म्हणजे नेमका जेथून खर्च सुरू होतो तेथे. ज्याच्या जोरावर तारण लिहून द्यावे असे आपल्याजवळ बहुधा एकच असते: सेवानिवृत्तीनंतर पुण्यास, नागपुरास किंवा आपल्या गावी राहावयाचे म्हणून हप्त्याहप्त्याने घेतलेले घर.

झाशीच्या मुलखात राहणाऱ्या मराठी माणसास ऋण आणि प्रवास यांचे नाते नवे नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले ते हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते, आणि उत्तरेत दक्षिणा चांगली मिळते असे त्यांनी ऐकले होते. पुढे ते झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, आणि मिळविलेले द्रव्य गमावून आईबापांसाठी गंगोदक घेऊन परतले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला, म्हणून आज आपण तो वाचतो. ऐकीव दक्षिणेच्या भरवशावर निघालेल्या माणसाच्या वाटेत काय काय येऊ शकते, हे त्या पुस्तकाने मराठीत कायमचे लिहून ठेवले आहे. विष्णुभटांचे एक मात्र बरे होते: ते कर्ज फेडण्यासाठी निघाले होते. आपली मुले कर्ज घेऊन निघतात.

आमच्यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की कलेची किंमत पैशात मोजू नये. मान्य. आम्ही कलेची किंमत मोजीतच नाही. आम्ही शुल्काची मोजतो. संस्थेने शुल्क पैशात मोजून घेतले, बँकेने व्याज पैशात मोजून घेतले; मोजू नये हा उपदेश तेवढा विद्यार्थ्यासाठी का राखून ठेवावा? दुसरा आक्षेप असा की मग तुम्ही मुलांना पुन्हा अभियांत्रिकीच्या घाण्यालाच जुंपणार. मुळीच नाही. सोळा लाखांचे कर्ज काढून कोपऱ्यावरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणाऱ्यालाही आमचा हाच हिशेब लागू आहे, आणि तेथेही पुष्कळदा तो जुळत नाही. तिसरा आक्षेप गोड बोलून येतो: कर्जामुळे मुलांना जबाबदारी कळते. पंधरा वर्षांच्या हप्त्याने जी कळते तिला आम्ही जबाबदारी म्हणत नाही, वेठ म्हणतो.

पण या सर्वांहून मोठी गोष्ट निराळीच आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला. अहमदाबादची संस्था निघाली तेव्हा, 1958 च्या त्या अहवालाच्या मुळाशी, हेतू होता लहान उद्योगांना साह्य करण्याचा. याच झाशी जिल्ह्यात राणीपूरला विणकर आहेत. टेरीकॉट कापडासाठी त्यांचे गाव ओळखले जाते. उत्तर प्रदेश शासनाने 2018 साली प्रत्येक जिल्ह्याचे एक उत्पादन ठरविले, त्यात झाशीच्या वाट्याला कापडी मऊ खेळणी आली. येथून फार दूर नसलेल्या चंदेरीस साड्या विणल्या जातात. या कामांना डिझाइनरची जेवढी गरज आहे तेवढी कोणत्याही भ्रमणध्वनीच्या पडद्याला नाही. खेळण्याचा आकार, त्याची शिवण, मुलाच्या तोंडात गेला तरी अपाय न करणारा रंग, दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत न चुरगळता जाणारे वेष्टन: हीच त्या विद्येची खरी परीक्षा. पण राणीपूरचा विणकर किंवा झाशीतील खेळणी शिवणारी बाई महिन्याला 93 हजार रुपये देऊ शकत नाही, आणि 23,200 चा हप्ता डोक्यावर असलेली मुलगी त्यांच्याकडे पाच-दहा हजारांवर काम करू शकत नाही. इच्छा असली तरी ऋणपत्र तिला जाऊ देत नाही. देशाच्या लहान धंद्यांसाठी म्हणून जी विद्या आणली, तिचा पदवीधर कर्जाच्या दोरीने थेट महानगरातील सर्वाधिक वेतन देणाऱ्याच्या दाराशी बांधला जातो. कर्जाने विद्यार्थ्याचा खिसा तर रिकामा होतोच. त्याबरोबर त्या विद्येची दिशाही ठरते. शिक्षण महाग करणाऱ्यांनी आणि ते कर्जाने स्वस्त झाल्याचा भास करणाऱ्यांनी मिळून विणकराचा डिझाइनर पळविला आहे, असा आमचा आरोप आहे.

या आरोपातून शासनही सुटत नाही. भोपाळ, कुरुक्षेत्र, जोरहाट, विजयवाडा येथे राष्ट्रीय संस्था निघाल्या, हे स्तुत्य आहे. पण सरकारी म्हणविणाऱ्या संस्थांचे शुल्कही आता लाखांत गेले आहे. प्रौद्योगिकी संस्थांत वर्षाचे शिक्षणशुल्क 2016 पासून दोन लाख आहे. तेथे कुटुंबाचे उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर ते पूर्ण माफ होते, आणि पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ होते. तळच्या श्रेणीतील लेखनिक महागाई भत्त्याच्या एक-दोन वाढी मिळताच ही मर्यादा ओलांडतो, आणि त्या वाढीचा आनंद त्याला महागात पडतो. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शेकडा तीन व्याजसवलत ठेवली आहे, आणि निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण व जामीन नको असे म्हटले आहे. ही योजना चांगली आहे, आणि पात्र असणाऱ्याने तिचा लाभ अवश्य घ्यावा. पण तिनेही मूळ प्रश्न सुटत नाही. कर्ज हलके होते, ते कर्जच राहते. प्राप्तिकरातील व्याजाची सवलतही आठ वर्षांपुरती व जुनी करपद्धती पत्करणाऱ्यालाच आहे.

मग करावे काय? आमचे म्हणणे असे. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेस लेखी चार प्रश्न विचारावेत: तीन वर्षांमागे किती विद्यार्थी दाखल झाले, त्यांतील किती पदवी घेऊन बाहेर पडले, त्यांतील किती आज या व्यवसायात आहेत, आणि त्या सर्वांच्या मिळकतीचा मध्यांक काय. जी संस्था उत्तर देणार नाही, तिच्यासाठी एक रुपयाचेही कर्ज काढू नये. जी देईल, तिच्या मध्यांकाच्या चौथ्या हिश्शात हप्ता बसतो की नाही ते पाहावे. राहते घर, किंवा निवृत्तीनंतर जेथे राहावयाचे ते घर, तारण ठेवू नये. त्याशिवाय कर्ज मिळत नसेल तर ते कर्ज आपल्या ऐपतीबाहेरचे आहे असे बँकेनेच सांगितले, असे समजावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्या वाडवडिलांनी सांगितले. अंथरूणच गहाण टाकून पाय पसरावेत असे कोणी सांगितलेले नाही.

कर्ज घेतलेच असेल, तर शिक्षणाच्या काळातच व्याज भरीत जावे. वरच्या उदाहरणात हे व्याज पहिल्या वर्षी महिन्याला 3,300 च्या सुमारास असते, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी 13,300 च्या सुमारास. हे काही थोडे नव्हे. पण ते भरले तर हप्ता सोळा लाखांवरच बसतो आणि 23,200 चा 17,200 होतो. एकूण देण्यात पाच लाखांहून अधिक वाचतात, आणि पुष्कळ बँका अशा वेळी व्याजाच्या दरातही थोडी सूट देतात. ज्या कुटुंबास हे व्याज आज भरणे शक्य नाही, त्याने उद्याचा हप्ता मुलगी भरील या भरवशावर सही करू नये.

शासनाकडे आमची मागणी एकच आहे. ज्या संस्थेच्या विद्यार्थ्यांस बँका कर्ज देतात, तिने वरील चारही आकडे दरवर्षी प्रसिद्ध करणे सक्तीचे असावे, आणि डिझाइनला क्रमवारीत स्वतंत्र वर्ग मिळावा. औषधाच्या बाटलीवर मात्रा व मुदत छापण्याची सक्ती आहे. वीस वर्षांचे आयुष्य बांधून टाकणाऱ्या पदवीवर काहीच छापू नये, हे कोणते शास्त्र?

शेवटी आपल्या मराठी मंडळांविषयी. बृहन्महाराष्ट्रात गणेशोत्सव होतो, तेथे मुलांच्या चित्रकलेच्या स्पर्धा होतात, आणि पहिल्या आलेल्या मुलीला अध्यक्षांच्या हस्ते कंपासपेटी मिळते. टाळ्या वाजविणारे आपण सारे तेथे असतो. तीच मुलगी अठरा वर्षांची झाली की आपल्यातील निम्मे लोक तिला चित्रांचा नाद सोड म्हणून सांगतात, आणि उरलेले निम्मे तिला बँकेच्या दारात नेऊन सोडतात. दोन्ही गोष्टी आपल्याला फुकट पडतात, म्हणूनच आपण त्या इतक्या सहज करतो. मंडळाच्या मांडवावर, सत्कारांवर, शालींवर आणि श्रीफळांवर जो खर्च होतो, त्याचा चौथा हिस्सा वेगळा काढून एखाद्या मुलीचे शिक्षणकाळातील व्याज मंडळाने भरले, तर तो गणपतीचा अपमान होईल काय? तो विद्येचा देव आहे असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. झाशी, ग्वाल्हेर, इंदूर, कानपूर, भोपाळ येथील मंडळांनी येत्या वर्षी हा विषय आपल्या कार्यकारिणीपुढे ठेवावा. एका मंडळाने एका मुलीचे एका वर्षाचे व्याज भरले, तरी त्या मुलीस पुढे राणीपूरच्या मागापर्यंत जाण्याइतकी मोकळीक मिळेल; आणि तेवढी मोकळीक तिला बँक कधीही देणार नाही.